राळेचं झाड

रविवारची दुपार. आबांना जेवू घातलंय, तोंड पुसलंय, कुशीवर वळवून पाठीला उशी लावलीय, आणि माझ्या कामाच्या टेबलाशेजारी सतरंजी टाकून मी आडवी झालेय. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ठरवून. मे संपत आलाय. रत्नागिरीत या दिवसांत वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही दमटच असतो. डोक्यावर पंखा फिरतोय. टेबलाच्या कडेवरून बोर्डाचा हिरवा कोपरा दिसतो. मला तो बघायचा नाही, म्हणून मी डोळे मिटते.

तो बोर्ड मी आबांसाठी केला होता. आबा म्हणजे माझे वडील. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि डाव्या हातात बेलचं बटण दाबण्याइतकाही जोर उरला नाही. बोलणं तर एकेका शब्दावर आलं. म्हणून मी पलंगाच्या कठड्यावर पत्र्याची एक चकती बसवली. तिला नुसतं बोट टेकलं की स्वयंपाकघरात बझर वाजावा आणि लाल दिवा लागावा. मी पोस्टात काउंटरला असते. सर्किटं करणं हा माझा रविवारचा, हौसेचा उद्योग. आगपेटीएवढा बोर्ड, चौदा-पंधरा जोड. टेबलावर तो छान चालला. पलंगापाशी लावल्यावर पाचव्या दिवसापासून आपोआप वाजायला लागला. आबांचा हात पोटावर, आणि इकडे दिवा लागलेला. मी दर वेळी हातातलं काम टाकून धावायची. दोन दिवस असं झाल्यावर वैतागून मी त्याची वायर उपटली. म्हटलं, रविवारी बघू.

गुरुवारी संध्याकाळी मिक्सर चालू होता. आबांनी चकतीला बोट लावलं असणार. मग स्वतःच उठायला गेले असणार. मी खोलीत गेले तेव्हा ते फरशीवर पडलेले होते, आणि डावा हात तेवढा वर, कठड्याकडे नेलेला.

हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून चकती दाखवली की ते हात पांघरुणात घेतात.

पंख्याचा आवाज जड होत जातो. एक एक फेरा लांबतो. मला कळतंय की मी झोपतेय, आणि हेही कळतंय की माझ्या टेबलापाशी स्टुलावर कोणीतरी बसलंय. निळा एप्रन. वेणी वर घेऊन पिना लावलेली. बोर्ड दोन बोटांत धरून ती खिडकीच्या उजेडात तिरका करून बघतेय.

शकूआत्या आहे ती. आबांची धाकटी बहीण. ठाण्याला एका रेडिओच्या कारखान्यात ती बावीस वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर होती. लग्न केलं नाही. सुट्टीत आमच्याकडे यायची, आणि मी नववीत असताना सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात तिनेच दिलं. शेवटची सहा वर्षं ती आडवी झोपू शकली नाही, उशांना टेकून बसून रात्र काढायची. छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, हा राळेच्या धुराने आलेला दमा. सोल्डर तापलं की त्यातली राळ जळते, तो धूर. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

आता ती चाळिशीची दिसते. मी उठून बसते. घाबरत नाही. घाबरायला हवं, असं कुठेतरी लांब वाटतं, तेवढंच.

"हे काय लावलंस, विदू?" ती विचारते.

"पेस्ट. हार्डवेअरच्या दुकानातली."

"ते कशाला विकतात ती?"

"नळाच्या जोडाला. पत्र्याला."

"मग?"

"सोल्डर पटकन धरत होतं, आत्या. नुसतं टेकवलं की पसरत होतं."

"पसरणारच. त्यात आम्ल असतं. तांब्यावरचा काट खातं ते. पण काट खाऊन झाला की हात धुवून उठेल, असं वाटलं तुला?"

मी बोर्डाकडे बघते. तिच्या हातात बोर्ड नाही, पितळी पातेलं आहे. आम्ही टेबलाशी नाही, आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या मागच्या अंगणात आहोत, आणि कल्हईवाला भाता ओढतोय. त्याचा चेहरा मला दिसत नाही, हात दिसतात. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी फिरते, कापसाच्या बोळ्याने तो एक हात मारतो, आणि पितळेचा पिवळा रंग आतून रुपेरी होऊन जातो. लहानपणी बघताना श्वास रोखून धरायचे, तसा मी आत्ताही धरते.

"नवसागर कशाला टाकला त्याने?" आत्या विचारते.

"काट जावा, कथील धरावं म्हणून."

"आणि शेवटी?"

उत्तर द्यायच्या आत कल्हईवाला पातेलं बादलीत बुडवतो. चर्र आवाज होतो.

"पातेलं असं बुडवून मोकळं होता येतं," आत्या म्हणते. "त्याला काही ऐकायचं नसतं. तुझ्या बोर्डाला एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटाचा स्पर्श ऐकायचा होता."

बादलीतलं पाणी सांडतं आणि सांडतच राहतं. ते अंगणभर जातं, अंगण हिरवं होतं. आम्ही दोघी त्या हिरव्यावर उभ्या आहोत आणि ते दूरवर पसरलंय. पायाखाली, काचेच्या आत असावेत तसे, तांब्याचे रस्ते गेलेत. समोर सोल्डरच्या टेकड्या आहेत, आमच्यापेक्षा उंच, आणि इतक्या गुळगुळीत की सगळं आकाश त्यांच्या अंगावर वाकून उतरलंय. हे मी केलेलं आहे, हे मला कळायला वेळ लागतो. आगपेटीएवढा बोर्ड होता तो. मी त्याच्याकडे भिंगातून बघितलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. माझा आवाज आपोआप खाली येतो, देवळात येतो तसा.

"केवढं आहे हे, आत्या."

"असतंच. आपण वरून बघतो म्हणून लहान."

ती मला दोन टेकड्यांच्या मधल्या जागेत नेते. तिथे जमिनीवर पिवळट पांढरी साय धरलीय, मिठागराच्या कडेला असते तशी. आत्या गुडघे टेकून बसते आणि मला खूण करते. मी बसते. हवेतला ओलावा त्या सायीत उतरताना दिसतो. साय फुगते, चमकते, आणि तिच्यातून एक बारीक ओल या टेकडीकडून त्या टेकडीकडे सरकू लागते. ती पोचते, आणि पायाखालची सगळी जमीन थरथरते. लांब कुठेतरी बझर वाजतो.

"कोणी बोट लावलेलं नाही," आत्या म्हणते. "हा थर हवेतलं पाणी पितो, मग त्यातून वीज गळते. बोर्ड बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला वाटत होतं, बोट लागलंय."

"पण मी साफ केला होता. स्पिरिट लावलं, ब्रशने घासलं."

"मग?"

"मग वाळू दिलं."

"म्हणजे घाण पातळ केलीस आणि सगळीकडे सारवलीस. स्पिरिट उडून जातं, विदू. त्यात विरघळलेलं उडत नाही. आणि ही पेस्ट तर स्पिरिटला पुरती दादही देत नाही."

ती उठते आणि चालू लागते. मी तिच्या मागे. जमिनीच्या कडेला तांब्याचा एक जाड दोर तुटून लोंबतोय. तो मी उपटलेला आहे, हे न सांगता कळतं. आत्या तिथे थांबते.

दोराच्या पलीकडून, अंधुक अशा लांबून, काहीतरी येतं. प्रकाशाचा एक कण. दोराच्या टोकापर्यंत येतो, थांबतो, विझतो. मग दुसरा येतो, तोही टोकाशी येऊन विझतो. मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एक. मला तोंड फिरवायचं असतं. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवते, तो सांत्वनाचा नाही. नीट बघ, असं सांगणारा आहे.

"गुरुवारचं आहे," मी म्हणते.

"हो."

"मी मिक्सर लावला होता."

तिचा हात खांद्यावरून हलत नाही.

"माझ्यामुळे पडले ना ते?"

"हो," शकूआत्या म्हणते.

या तीन दिवसांत हे मला कोणी म्हणालं नव्हतं. सगळे म्हणाले, तुझी काय चूक, तू एकटी किती बघणार. तिच्या एका शब्दाने मला रडू येतं, आणि रडताना बरं वाटतं. ती मला रडू देते.

"मीही एकदा न धुतलेले बोर्ड पुढे ढकलले होते," थोड्या वेळाने ती म्हणते. आम्ही लाइनवर आहोत. लांबच लांब बाक, बाकाशी निळ्या एप्रनमधल्या बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या हातातून धुराची एक बारीक रेघ वर जातेय. "पाणीकपात होती, टाकी कोरडी. मी धुतल्याचा शिक्का मारला. पावसाळ्यात दीडशे रेडिओ खरखरत परत आले. मग मी सांगून टाकलं. दोन महिने धुलाईला बसवलं मला. तिथे मी एकेक बोर्ड स्वतः उघडून धुतला."

"कसा? मला सांग."

"तुझ्या बोर्डातले ते जोड आधी उपसून काढ. पेस्ट भागांच्या पायांखाली शिरलेली असते. मग कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मऊ ब्रश. मग स्वच्छ पाणी. मग स्पिरिट, हात आखडता न घेता. आणि ते वाळायच्या आत सुती कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पुन्हा स्पिरिट, पुन्हा कोरडं कापड. कापडावर पिवळं उमटणं थांबेपर्यंत. मग दिवसभर ऊन."

"माझ्याकडे पेस्टऐवजी लावायच्या द्रवाची एक बाटली आहे. तिच्यावर लिहिलंय, धुवायची गरज नाही."

"तापून पुरता कामी आला, तर नसते. तू हात सैल सोडून ओततेस, अर्धा कच्चा राहतो, तोही गळतो. इतक्या हलक्या स्पर्शाच्या कामाला काहीही लाव, पण नंतर धू." ती माझ्याकडे वळते. "राळ का नाही घेतलीस? मी तुला राळेवर शिकवलं होतं."

धुराच्या रेघा हळूहळू जाड होतायत.

"तुझ्यामुळे," मी म्हणते. "तू गेल्यापासून मी राळ घरात आणली नाही. सोल्डरची तारसुद्धा भरीव घेते, आत राळ नसलेली. मला तो वास नको होता."

बाकांवरच्या बायका एकेक करून उठून उभ्या राहतात. उभ्या राहतात आणि उंच होत जातात. एप्रनचा निळा रंग वर आकाशात राहतो, आणि खाली नुसते सरळसोट बुंधे उरतात, ओळींमागून ओळी. वरून वाऱ्याचा आवाज येतो. क्षणभर मला किनाऱ्यावरचं सुरूचं बन वाटतं, पण सुरू एवढा उंच होत नाही, आणि इथे समुद्र नाही. थंडी आहे. पायाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर आहे. आमची पावलं वाजत नाहीत.

"कुठे आहोत आपण?"

"हे चिडाचं, म्हणजे पाइनचं रान. राळ याच्यातून येते."

तिने हात लावलेल्या बुंध्यावर तिरक्या खाचा पाडल्यात, माशाच्या काट्यासारख्या, आणि खाली एक मातीची कुंडी बांधलीय. खाचांमधून पाझरत काहीतरी खाली उतरतंय, मधासारखं, पण मधापेक्षा स्वच्छ. एक थेंब सुटायला किती वेळ लागतो ते आम्ही उभ्या राहून बघतो. त्या थेंबात सगळं रान उलटं उभं असतं. मग तो सुटतो.

"बावीस वर्षं याचा धूर प्यायले," ती म्हणते, "आणि झाड कधी पाहिलं नव्हतं. गेल्यावर पहिल्यांदा हेच बघायला आले."

"राग नाही आला?"

"आला होता. झाडाचा नाही. अख्ख्या लाइनला एक एक्झॉस्ट होता, आणि तो साहेबांच्या टोकाला. तो राग राहिला, राहू दे." ती खाचेवरून बोट फिरवते. "झाडाला चीर पडली की ते हे सोडतं. स्वतःची जखम बुजवायला. आम्ही ते गरम करून तांब्याला लावायचो, आणि तांबं आणि कथील एकमेकांना सोडत नसत. इतकी वर्षं मला ते सवयीचं काम वाटायचं. इथे येऊन बघितलं तेव्हा हात जोडले मी."

मग ती श्वास घेते.

मी कान देऊन ऐकते, कारण तिचा श्वास मला पाठ आहे. आधी घशात घरघर, मग बारीक शिट्टी, मग मध्येच अडकणं, आणि ते अडकणं सुटेपर्यंत आम्ही सगळ्यांनी आपापले श्वास धरून बसणं. मी वाट बघते. शिट्टी येत नाही. श्वास आत जातो आणि जातच राहतो, या बुंध्यांइतकी उंच जागा तिच्या छातीत मोकळी झाल्यासारखा. वर शेंडे हलतात. मग तो बाहेर येतो, तितकाच सावकाश, आणि माझ्या चेहऱ्याला लागतो. गार आहे. मला गुडघे टेकावेसे वाटतात. मी झाडाला धरून उभी राहते.

"थोडी घे," ती म्हणते. "कडेची, वाळलेली. नखाने निघते."

मी अंगठ्याचं नख खाचेच्या कडेला लावते. पिवळा कपचा सुटतो.

"आबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. बोर्ड बसव आणि स्वयंपाकघरात जा."

"ते हातच लावत नाहीत, आत्या."

"दादा असाच आहे. त्याच्यावर कोणी लक्ष ठेवलं की तो काही करायचा नाही. तू तुझं काम कर. आणि दिवा लागला की, काहीही असो, जा."

"तू येशील पुन्हा?"

ती नुसती हसते. वाऱ्याचा आवाज एका लयीत येऊ लागतो, फेऱ्याफेऱ्याने, आणि मी वर बघते तर शेंड्यांच्या जागी पंख्याची पाती आहेत.

पुढे काय झालं ते आधी सांगते. ते नंतर दहा दिवसांत झालं. मी जोड उपसले. बोर्ड धुतला, टिपला, पुन्हा धुतला. माझ्या जुन्या सुती ओढणीचे तुकडे केले होते, त्यातल्या सहाव्यावर पिवळं उमटलं नाही. दिवसभर गॅलरीत ऊन दाखवलं, बाजारातून राळ आणली, खिडकीशी बसून सगळे जोड नव्याने केले आणि ते पुन्हा धुतले. पुढच्या रविवारी बोर्ड पलंगाला बसवला, वायर जोडली, आणि आबांना काही न बोलता निघून आले. सोमवार गेला. मंगळवार गेला. बझर आपोआपही वाजला नाही, आणि कोणी वाजवलाही नाही. बुधवारी सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि लाल दिवा लागला. मी गॅस बंद करून धावले. आबांचं बोट चकतीवर होतं. "काय हवंय आबा?" मी विचारलं. त्यांना काही नको होतं. त्यांनी बोट उचललं, माझ्याकडे बघत थोडं थांबले, आणि पुन्हा टेकवलं. आत बझर वाजला. त्यांनी पुन्हा बोट उचललं. असं चार वेळा केलं. मी चारही वेळा तिथेच उभी होते. मग त्यांनी मान हलवली, आणि मी दूध बघायला गेले.

आता पाऊस लागलाय, भिंतींना ओल आलीय. बोर्ड एकदाही उगाच वाजलेला नाही.

पण त्या दुपारी मला जाग येते तेव्हा यातलं काहीच झालेलं नाही. चार वाजून गेलेत. सतरंजीचे वळ गालावर उमटलेत. शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडलाय. स्टुलावर कोणी नाही. बोर्ड टेबलावर तसाच पडलाय, पिवळट साय धरलेला. मी बराच वेळ छताकडे बघत राहते, तो श्वास ऐकू येतोय का म्हणून. मग केस मागे सारायला हात वर करते, आणि उजव्या अंगठ्याला काहीतरी टोचतं.

नखाखाली एक कपचा आहे. तांदळाच्या कणीएवढा. पिवळा, उजेडात धरला की आरपार दिसणारा.

अकरा वर्षांत या घरात राळ आलेली नाही.

मी तो काढून तळहातावर घेते. कितीतरी वेळ नुसती बघत बसते. मग आयर्न लावते. ते तापू देते. कपच्याचा एक अगदी बारीक कोपरा मोडून टोकाला टेकवते. तो वितळतो, फसफसतो, आणि धुराची एक रेघ उठते. सरळ वर जाते, पंख्याच्या वाऱ्यात वाकते, आणि दारातून आबांच्या खोलीत शिरते. तोच वास.

आतून पलंग कुरकुरतो.

"खिडकी," आबा म्हणतात.

मी दारात जाते. ते जागे आहेत. नाक वर करून हवेत वास घेतायत. त्यांचे डोळे माझ्यावर नाहीत, माझ्या मागे टेबलाकडे आहेत. वर्षभरात मी त्यांच्या तोंडून एका वेळी एकाहून जास्त शब्द ऐकलेला नाही.

"खिडकी उघड," ते म्हणतात. "शकू खोकेल."